बदलत्या हवेत एका दिवसाची मोटरसायकल भटकंती : पावसाचा थर जॅकेटच्या आत असावा की बाहेर?

घाटवाट

नमस्कार मंडळी,

परतीच्या पावसाच्या दिवसांत पुण्याहून पहाटे निघून रात्री घरी पोहोचता येईल असा एक फेरा नुकताच केला. नवीन रायडिंग गिअरची ही पहिलीच मोठी परीक्षा होती. चांदणी चौकातून पौड, मुळशी करत ताम्हिणी घाट उतरलो आणि निजामपूरमार्गे माणगावला आलो. तिथून मुंबई–गोवा महामार्गाने महाड आणि पोलादपूर, मग आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर, पाचगणी, पसरणी घाटाने वाई आणि खंबाटकीच्या बोगद्यातून परत पुणे. अंतर साधारण ३०० किलोमीटर भरते, पण पुणे, रायगड आणि सातारा या तीन जिल्ह्यांत एकाच दिवशी तीन ऋतू भेटतात.

गिअर असे आहे : उन्हाळ्यातही घालता येईल असे मेश (जाळीदार) जॅकेट, त्याच्या आत झिपने जोडायचे पावसाचे लायनर, तशाच रचनेची पँट, घोट्याच्या वर जाणारे वॉटरप्रूफ बूट आणि मनगट झाकणारे ग्लव्हज. मुळशीच्या काठाने धुके आणि बोचरा गारवा होता, जाळीतून वारा थेट छातीवर येत होता, तेव्हा लायनरने उत्तम काम केले. माणगाव ते महाड उन्हाने आणि दमटपणाने अंग भिजले, म्हणून ते काढून बॅगेत ठेवले. आंबेनळीच्या पायथ्याशी आलो तोवर ढग गडगडू लागले आणि मोठ्या थेंबांचा पाऊस सुरू झाला. लायनर जोडायचे म्हणजे जॅकेट आणि पँट दोन्ही उतरवणे आले. एसटीच्या थांब्याची शेड मिळाली म्हणून ते जमले. उघड्या घाटात जमले नसते. पुढे अंग कोरडे राहिले, परंतु बाहेरचे जॅकेट पाणी पिऊन जड झाले, बाहेरच्या खिशांत पाणी साचले आणि महाबळेश्वरच्या पठारावर वाऱ्यात कापरे भरले.

माझा प्रश्न एवढाच आहे की असा दिवस डोळ्यांसमोर ठेवून आतल्या लायनरवरच विसंबावे, की बाहेरून चढवायचा वेगळा रेनसूट घ्यावा? ज्यांनी दोन्ही वापरले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

सातारकर

बाहेरचा रेनसूट घ्यावा, आणि यात मला तरी शंका नाही.

तुम्हाला कापरे का भरले, ते पाहा. लायनरने पाणी अंगाला लागू दिले नाही, पण जॅकेटचे कापड, अस्तर आणि आर्मरचे (आघात झेलणाऱ्या गाद्यांचे) खिसे ओलेच राहिले. वाऱ्यावर ते पाणी उडून जाताना उष्णता ओढून घेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० ज्यूल उष्णता लागते, आणि तुमच्या जॅकेटने तर वाटीभराहून जास्त पाणी धरले असेल. शिवाय पोलादपूर समुद्रसपाटीच्या फारसे वर नाही आणि महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. दर १,००० मीटरला तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे तासाभराच्या चढणीत आठ-नऊ अंशांचा फरक पडला. त्यात ओले जॅकेट आणि वारा! अंग कोरडे असूनही माणूस गारठतो तो असा.

आमच्याकडचे धनगर पावसात घोंगडीची खोळ सगळ्यात वरून घेतात, कपड्यांच्या आत नाही. पाणी बाहेरच्या बाहेर निथळले पाहिजे, हेच तत्त्व इथेही आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. पाऊस येतो-जातो अशा दिवशी जो थर दोन मिनिटांत चढतो आणि दोन मिनिटांत उतरतो तोच खरोखर वापरला जातो. जो थर घालायला आडोसा शोधावा लागतो, तो आपण "पुढच्या वळणानंतर बघू" म्हणत टाळत राहतो आणि तोवर भिजून जातो.

माळरान

एका दिवसाच्या फेरीला एवढा पसारा हवाच कशाला, असे मला प्रामाणिकपणे वाटते. आमच्या पिढीने साध्या रेनकोटवर आणि गमबुटांवर कोकण पालथे घातले. गिअरमुळे माणूस निर्धास्त होतो आणि घाटात वेग वाढवतो.

निशिगंध

माळरानकाका, तुमच्या अनुभवाचा आदर आहे, पण मी अस्थिरोग विभागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते आणि माझ्यासमोर येणारे बहुतेक दुचाकीस्वार लांबच्या सफरीवर नव्हे, घराजवळच्या रस्त्यावर पडलेले असतात. अंतर कमी आहे म्हणून डांबर मऊ होत नाही. पडताना माणूस आपसूक हात पुढे टाकतो, म्हणून तळहाताची कातडी सोलवटणे आणि मनगटाचे हाड मोडणे या जखमा पुन्हा पुन्हा दिसतात. साधा रेनकोट रस्त्यावर घासला की क्षणात फाटतो.

निर्धास्तपणाचा तुमचा मुद्दा मात्र मी मान्य करते, आणि थंडीच्या संदर्भात तो जास्तच लागू पडतो. बोटे गारठली की क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरवर नेमका दाब किती पडतो आहे याचा अंदाज जातो. आपल्याला वाटत असते की आपण सावध आहोत, पण हात उशिरा प्रतिसाद देतात. बोलताना जीभ अडखळू लागली, बटण लावताना बोटे चुकू लागली किंवा कापरे थांबेनासे झाले, तर तो गाडी बाजूला घेऊन कोरडे कपडे आणि गरम पेय घेण्याचा इशारा समजावा. घाट अर्धाच राहिला आहे, हे पुढे रेटण्याचे कारण होऊ शकत नाही.

पावशा

मी महाडचा. हवेबद्दल स्थानिक म्हणून लिहितो.

हवामान खात्याच्या तक्त्यानुसार मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, पण आमच्याकडे त्या आगेमागे दोन-तीन आठवडे दुपारच्या गडगडाटी सरी येतच राहतात. सकाळी आभाळ धुतल्यासारखे निळे असते. ऊन चढते तसा समुद्राकडून येणारा दमट वारा सह्याद्रीच्या भिंतीवर चढू लागतो आणि अकरा-बाराच्या सुमारास घाटमाथ्यावर पांढऱ्या ढगांचे मनोरे दिसू लागतात. त्यांचे बूड काळवंडले आणि खालून गार वाऱ्याचा झोत आला, की फार वेळ उरलेला नसतो. रेनसूट तेव्हाच चढवावा, पहिल्या थेंबाची वाट पाहू नये.

आणखी एक सांगतो, याचा गिअरशी संबंध नाही पण रस्त्याशी आहे. ऑक्टोबरात आमच्याकडे भातकापणी असते. भाताचे भारे रस्त्याकडेला उतरवतात, पेंढा डांबरावर पसरतो आणि त्यावर सर पडली की टायरची पकड जाते. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल वळणावरच सांडलेला असतो. आंबेनळीत दरडीकडच्या बाजूला मातीचे ओहोळ येतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत या घाटाची मोठी पडझड झाली होती, आणि अजूनही पावसाळ्यात घाट चालू आहे की नाही याची चौकशी पोलादपुरात करूनच वर जावे. वरंध घाटाचेही तसेच.

थंड_हवा

एक वेगळे मत नोंदवतो. लायनर अगदीच निकामी नाही. डिसेंबर–जानेवारीत पहाटे पाचगणी–महाबळेश्वर रस्त्यावर मेश जॅकेटच्या आत तेच लायनर वारा अडवते आणि रेनसूटची फडफड सोसावी लागत नाही. मुळशीच्या धुक्यात धागाकर्त्यांनाही ते उपयोगी पडले, हे त्यांनीच लिहिले आहे. तेव्हा लायनर वाऱ्यासाठी आणि रेनसूट पावसासाठी, अशी विभागणी करावी.

सातारकर

थंड_हवा, ही विभागणी मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप लायनरला पावसाचे साधन म्हणून विकण्याला आहे. दुकानात "आत लायनर आहे, पावसाची काळजीच नको" असे सांगितले जाते आणि घेणाऱ्याला भिजलेल्या जॅकेटचे वजन घाटात गेल्यावर कळते.

पोलादी_घोडा

आर्मरबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे तपशिलात.

खांदे, कोपर, गुडघे आणि नितंब यांच्या आर्मरला ईएन १६२१-१ हे युरोपीय मानक लागू होते आणि पाठीच्या आर्मरला ईएन १६२१-२. चाचणीत ५० ज्यूल ऊर्जेचा आघात करून पलीकडे किती बल पोहोचते ते मोजतात. हातापायांच्या आर्मरला लेव्हल १ मध्ये सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत आणि लेव्हल २ मध्ये २० किलोन्यूटनपर्यंत बल चालते. पाठीसाठी हेच आकडे १८ आणि ९ आहेत. जॅकेट किंवा पँट घासण्याला किती टिकते हे ईएन १७०९२ या मानकाच्या ट्रिपल ए, डबल ए आणि ए या वर्गांवरून कळते. मेश जॅकेटे बहुधा ए वर्गात असतात, काही चांगली डबल ए मध्ये बसतात. आतल्या शिवणीवरची पट्टी वाचून हे पाहता येते, विक्रेत्याला विचारण्याची गरज नाही.

बदलत्या हवेच्या दृष्टीने एक बारकावा महत्त्वाचा आहे. दाबले की घट्ट होणारे मऊ आर्मर थंडीत कडक पडते आणि उन्हात फार मऊ होते. म्हणूनच काही आर्मरवर टी प्लस किंवा टी मायनस अशी खूण असते. त्याचा अर्थ असा की ते ४० अंशांना किंवा उणे १० अंशांनाही तपासलेले आहे. महाडच्या उन्हात फिरायचे असेल तर टी प्लस खूण बघून घ्यावी.

आणि हे सर्व आर्मर जागेवर असेल तरच. पँटचे माप दुकानात उभे राहून घेऊ नका, गाडीवर बसून घ्या. गुडघा वाकला की कापड वर सरकते आणि उभे असताना बरोबर वाटीवर असलेले आर्मर मांडीकडे जाते. बऱ्याच पँटींत आतल्या खिशाला उंची कमी-जास्त करण्याची वेल्क्रोची सोय असते. ती पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

रानजाई

पोलादी_घोडा यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. मी स्वतः गाडी चालवते, आणि बायकांच्या मापाचे गिअर मिळवणे हा वेगळाच खटाटोप आहे. पुरुषांचे लहान माप घेतले तर खांदे ढगळ आणि कंबर घट्ट होते, बाही लांब पडते आणि कोपराचे आर्मर मनगटाकडे घसरते. असे आर्मर पडताना कोपराच्या जागी नसतेच. दंडावर आवळायचे पट्टे असलेले जॅकेट घेऊन ते पट्टे आवळावेत, हा त्यातल्या त्यात चांगला उपाय आहे.

मागे बसणाऱ्यांचाही विचार कुणीतरी करा. पुढच्याला काचेचा थोडा तरी आडोसा असतो. मागच्याच्या गुडघ्यांवर मात्र पाणी सतत आदळते, आणि पाठीवरच्या बॅगेतून झिरपणारे पाणी थेट कमरेत उतरते. बॅगेला वरून कव्हर घालण्यापेक्षा आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून कपडे त्यात ठेवलेले बरे, कारण पाठीच्या बाजूने कव्हर उघडेच असते.

घाटवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. निशिगंधताई, तुमचा बोटांबद्दलचा मुद्दा तर अगदी पटला. ग्लव्हजबद्दल आणखी विचारतो. माझे ग्लव्हज वॉटरप्रूफ म्हणून घेतलेले आहेत, तरी मेढा फाट्याच्या अलीकडे आतून ओले झाले. चहासाठी थांबून हात बाहेर काढला तर बोटांचे अस्तर उलटून हाताबरोबर बाहेर आले. ते परत आत जाईना. तर्जनीचे अस्तर मधल्या बोटाच्या नळीत अडकून बसले आणि बोटांवर काळा रंग उतरला होता. यावर उपाय काय?

सातारकर

ओल्या हाताने ग्लव्हज काढताना बोटे एकेक करून टोकाशी चिमटीत धरून सैल करावीत आणि मगच हात बाहेर ओढावा. एकदा अस्तर उलटले की पेन्सिलीच्या बोथट टोकाने ते हळूहळू आत ढकलावे लागते, आणि ते काम घरीच होते.

पाणी आत कुठून आले हेही पाहा. हात हँडलवर असतो तेव्हा कोपर मनगटापेक्षा वर असते. बाहीवरून ओघळलेले पाणी ग्लव्हजच्या तोंडाशी येते. ग्लव्हजचे लांब तोंड बाहीवर चढवलेले असेल तर तो पन्हळच होतो. म्हणून पावसात ग्लव्हज बाहीच्या आत आणि रेनसूटची बाही त्यावरून, अशी रचना ठेवावी. बुटांचेही असेच, पँट कायम बुटावरून. वॉटरप्रूफ बुटात वरून पाणी शिरले तर ते बाहेरही जात नाही.

एक जास्तीची साधी ग्लव्हजची जोडी पिशवीत कोरडी ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

म्युनिकवासी

इथे बव्हेरियात आल्प्सच्या खिंडींत एका दिवसात ऊन, पाऊस आणि कधी गारा असे सगळे भेटते. इकडे लॅमिनेट प्रकारची जॅकेटे वापरतात, ज्यात पाणी अडवणारा पापुद्रा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असतो. त्यामुळे कापड पाणी पीत नाही आणि वेगळा थरही लागत नाही. पण त्यांची किंमत फार असते आणि वारा खेळता राहत नाही, त्यामुळे कोकणातल्या ऑक्टोबरच्या उकाड्यात ती घालणे मला तरी कल्पवत नाही. महाराष्ट्रासाठी मेश जॅकेट आणि वरून रेनसूट हीच जोडी योग्य आहे असे मीही म्हणेन.

चिंब

हेल्मेटच्या काचेबद्दल सांगायचे राहू नये. भारतात १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाचे, म्हणजे आयएस ४१५१ प्रमाणित, हेल्मेटच विकता येते, तेव्हा ते गृहीत धरतो. पण पावसात खरी अडचण आतून धरणाऱ्या वाफेची असते. काच थोडी उघडावी तर पाणी डोळ्यांत, आणि बंद ठेवावी तर समोर पांढरे. पिनलॉक नावाची आतून बसवायची दुसरी पातळ काच मिळते. दोन काचांमध्ये हवेचा थर राहतो आणि वाफ धरत नाही. तुमच्या हेल्मेटच्या काचेला दोन बाजूंना खुंट्या असतील तरच ती बसते, हे घेण्याआधी तपासावे.

काळी काच अशा दिवशी घरी ठेवावी. पसरणीच्या धुक्यात आणि खंबाटकीच्या बोगद्यात तिच्यातून काहीच दिसत नाही. साताऱ्याकडून पुण्याकडे येणारी वाहतूक बोगद्यातूनच जाते आणि बाहेर पडताच उताराचे वळण आहे, तिथे तर डोळे स्वच्छ हवेत. साखर कारखाने सुरू झाले की संध्याकाळी वाईच्या बाजूला उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि कित्येकांना मागे दिवा नसतो. रेनसूट घेताना काळा न घेता भडक पिवळा किंवा केशरी, चकाकत्या पट्ट्यांचा घ्यावा, तो याचसाठी.

माळरान

निशिगंधताई, आपले म्हणणे वाचून विचार केला आणि ग्लव्हजपुरते तरी मी मान्य करतो. या धाग्यात वीज मात्र कुणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. परतीच्या पावसात भिजण्यापेक्षा तिची धास्ती मोठी आहे.

पावशा

माळरानकाकांनी फार महत्त्वाची आठवण करून दिली. मोटरसायकलवर माणूस उघडाच असतो. रबरी टायरमुळे आपण सुरक्षित आहोत ही समजूत चुकीची आहे, आणि कोणतेही जॅकेट त्यात मदत करत नाही. गडगडाट ऐकू आला की एकट्या झाडाखाली किंवा पत्र्याच्या उघड्या टपरीत थांबू नये. पक्की इमारत गाठावी, शाळा, बँक, पेट्रोल पंपाचे कार्यालय, काहीही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे ॲप आपल्या ठिकाणापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात पडणाऱ्या विजांची सूचना देते. घाट चढण्याआधी पायथ्याशी, जिथे मोबाइलला रेंज आहे तिथेच, ते उघडून पाहावे. आंबेनळीत मधल्या पट्ट्यात रेंज मिळेलच असे नाही.

घाटवाट

माझे उत्तर मला मिळाले. भडक रंगाचा, एक माप मोठा रेनसूट घेणार आणि लायनर पहाटेच्या वाऱ्यासाठी ठेवणार. पुढचा फेरा सकाळी अकराच्या आत आंबेनळी चढून होईल अशा बेताने आखतो आहे. त्याआधी रेनसूट बुटांसकट चढतो-उतरतो का, हे घराच्या पार्किंगमध्येच पाहून घेईन. एक शेवटची शंका. भिजलेल्या जॅकेटला आता कुबट वास येतो आहे आणि बाहेरच्या कापडावर पूर्वी पाणी मोत्यांसारखे घरंगळत असे, ते आता पसरते. ते यंत्रात धुवावे का?

पोलादी_घोडा

आधी सगळे आर्मर आणि लायनर काढा, आर्मर ओल्या फडक्याने पुसून सावलीत ठेवा. जॅकेटच्या सर्व झिप आणि वेल्क्रो बंद करा, नाहीतर वेल्क्रो जाळी ओरबाडतो. आतल्या पट्टीवर यंत्राची परवानगी असेल तर थंड पाण्यात, हलक्या फेरीवर धुवा, अन्यथा बादलीत हाताने. नेहमीची पावडर आणि कपडे मऊ करणारे द्रव टाळा, कारण त्यांचा अंश कापडावर राहतो आणि पाणी घरंगळणे बंद होते. वॉटरप्रूफ कपड्यांसाठीचा वेगळा द्रव साबण ट्रेकिंगच्या दुकानांत मिळतो. पिळू नका, रुंद खांद्याच्या हँगरवर वाऱ्याला टांगा. पूर्ण वाळल्यावर बाहेरच्या बाजूला पाणीरोधक फवारा मारला की पाणी पुन्हा घरंगळू लागेल. आर्मर परत बसवताना डावे-उजवे आणि वरची बाजू खुणेप्रमाणे पाहून घ्या.

रानजाई

आणि ग्लव्हज उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका. चामडे कडक होऊन बोटांच्या शिवणी उसवतात. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा आणि बोळे ओले झाले की बदला.